रांगोळीच्या ठिपक्यांपासून मोबाईलच्या ठोकळ्यांपर्यंत

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



आजचं बोलणं आमच्या बचत गटात घडलेल्या एका गोष्टीवरून सुरू करते. आमच्या गटाचा एक जुना ठराव आहे. बाळंतिणीला तीन महिने उशिराचा दंड लावायचा नाही, हप्ता जमेल तेव्हा तिनं द्यावा. हा ठराव आम्हाला वरून आलेला नाही. आम्ही पंधरा जणींनी बसून केला, वहीत लिहिला, खाली सह्या-अंगठे केले.

पुढे हिशेब मोबाईलवर ठेवायची वेळ आली. ॲप कुणाचं होतं ते सांगत नाही, कारण मुद्दा नावाचा नाही. दोन महिन्यांनी गटातली एक सून तान्हं बाळ घेऊन बैठकीला आली, तर तिच्या नावापुढे लाल अक्षरात थकबाकी! महिन्याला दहा रुपये दंड आपोआप चढला होता. रक्कम वीस रुपयांची, पण सगळ्यांसमोर ती बिचारी ओशाळली. हिशेब लिहिणारी ताई म्हणाली, "मी तरी काय करू? ह्याच्यात तसंच आहे. मला बदलता येत नाही."

घरी गेल्यावरही ते वाक्य माझ्या मनातून जाईना. ठराव आमचा, पैसे आमचे, बाई आमची, आणि नियम मात्र कुणा अनोळखी माणसानं लिहिलेला. मग मी चौकशी करायला लागले. यंत्राला नियम सांगतात तरी कसे? ते काम आपल्यासारख्यांनी कधी केलंय का? शोधता शोधता एक इतिहासच हाती लागला. तो आज तुम्हाला सांगते.

यंत्राला पायरी-पायरीनं दिलेल्या सूचना म्हणजे प्रोग्राम. घरी नवीन आलेल्या सुनेला आपण म्हणतो, "तवा तापला की भाकरी टाक." तवा किती तापला हे ती हात धरून बघते, अंदाज घेते. यंत्राला अंदाज नसतो. त्याला सगळं फोडून सांगावं लागतं. असं सांगण्याचं काम करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या आपल्याच तालुक्यात आहेत. हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क मुळशी तालुक्यात येतं. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथं जातात. कुणी साफसफाईला, कुणी कॅन्टीनला, आणि आता शिकलेल्या काही मुली कॉम्प्युटरसमोरही बसतात. तरी गावात आपल्याला वाटतं, हे इंग्रजीवाल्यांचं, इंजिनियरांचं काम.

इतिहास बघायला गेलं तर सुरुवात मागापासून होते. साडीवर वेल काढायची तर उभ्या धाग्यांपैकी नेमके कोणते उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, हे आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला ठरवावं लागतं. पूर्वी युरोपात रेशमी कापडाच्या मागावर ह्यासाठी एक पोरगा बसवत आणि तो दिवसभर दोऱ्या ओढत असे. १८०४ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जॅकार्ड यानं ह्या कामाला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं लावली. भोक असेल तिथला धागा वर जाणार, नसेल तिथला खाली राहणार. कार्डांची माळ बदलली की नक्षी बदलली. माग तोच, सूचना वेगळ्या. आपल्या येवल्यात आजही कितीतरी मागांवर 'जॅकार्ड' बसवलेलं असतं. ते नाव ह्याच माणसाचं.

ह्या कार्डांची कल्पना पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यानं आपल्या गणिती यंत्रासाठी घेतली. ते यंत्र काही पुरं झालं नाही. पण त्याच्याबद्दल १८४३ मध्ये एडा लव्हलेस नावाच्या बाईनं टिपणं लिहिली. माग जशी फुलंपानं विणतो, तसं हे यंत्र गणित विणेल, हे तिला दिसलं होतं. यंत्रानं कोणत्या क्रमानं काय करायचं, हे तिनं त्या टिपणांत मांडून दाखवलं. जगातली पहिली प्रोग्राम लिहिणारी म्हणून तिचं नाव घेतात.

आपल्या अंगणातही हे गणित होतंच. ठिपक्यांची रांगोळी आठवा. आधी ठिपके मोजून मांडायचे, मग दोन ठिपके सोडून वळायचं, चारी बाजूंना तेच पुन्हा करायचं. एक ठिपका चुकला तर सगळी रांगोळी चुकते. तमिळनाडूत हिला कोलम म्हणतात. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधले गिफ्ट सिरोमनी आणि राणी सिरोमनी हे पती-पत्नी आणि त्यांच्या सहकारी कमला कृतिवासन यांनी कोलमचा अभ्यास केला. बायका ज्या नियमांनी कोलम काढतात ते नियम कॉम्प्युटरच्या शास्त्रात मांडता येतात, असा त्यांचा लेख १९७४ साली छापून आला. आपल्या आयाबायांनी शाळा न बघता जे हातात सांभाळलं, त्याची गणितज्ञांनी अशी दखल घेतली.

मग हे काम आपल्याला परकं कधी झालं? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत फिलाडेल्फियाला 'एनियॅक' नावाचा खोलीभर मोठा कॉम्प्युटर बांधला. १९४६ साली तो लोकांना दाखवला. त्याला काम सांगणाऱ्या सहा बायका होत्या. त्या तारा जोडत, बटणं फिरवत. शिकवायला कुणी नव्हतं, यंत्राचे नकाशे बघून त्या स्वतःच शिकल्या. पण यंत्राचा गाजावाजा झाला तेव्हा त्यांचं नाव कुणी घेतलं नाही.

पुढे तारांची जागा लिहिलेल्या भाषांनी घेतली. १९५७ साली फोरट्रान आली, त्यानंतर कोबोल. तारा जोडण्यापेक्षा हे सोपं होतं, पण शब्द इंग्रजी आणि व्याकरण फार कडक. एक स्वल्पविराम राहिला तरी यंत्र अडून बसणार. ज्याला इंग्रजी येतं आणि ज्याला शिकायला सवड आहे, त्याच्यासाठी दार उघडं. बाकीचे बाहेर.

तेव्हापासून काही माणसं दुसरं दार शोधत होती. ज्याला काम कळतं, त्यालाच यंत्राला सांगता यावं आणि ते बघून, हात लावून सांगता यावं, हा त्यांचा ध्यास. १९६३ साली इव्हान सदरलँड यानं पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीनं चित्र काढून कॉम्प्युटरशी बोलता येतं हे दाखवलं. १९६७ मध्ये सेमूर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉइरझाइग यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची भाषा केली. त्यात एक कासव असतं. पुढे जा, उजवीकडे वळ, पुन्हा कर, असं सांगितलं की ते चालत चालत रेघ ओढतं. 'चार पावलं पुढे, मग वळ' हे चार वेळा केलं की चौकोन झाला.

गटाची वही लिहिणाऱ्या मैत्रिणींनी पुढची गोष्ट नीट ऐका. अमेरिकेत हार्वर्डला व्यवसायाचं शिक्षण घेणारा डॅन ब्रिकलिन वर्गात बसला होता. सर फळ्यावर मोठा तक्ता मांडून हिशेब करत होते. मध्ये एक आकडा चुकला, तर त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागले. आपल्या रोकड वहीत एक हप्ता चुकीचा लागला तर मार्चअखेरीला काय होतं, ते तुम्हाला सांगायला नकोच! ब्रिकलिनला वाटलं, एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतील असा फळा हवा. त्यानं आणि बॉब फ्रँकस्टन यानं मिळून तो केला. १९७९ साली 'व्हिसिकॅल्क' ह्या नावानं तो विकायला आला. आज आपण ज्याला एक्सेल म्हणतो, ती त्याच घराण्यातली.

२००१ साली महाराष्ट्रात सरकारच्या पुढाकारानं एमकेसीएल ही संस्था उभी राहिली आणि एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी निघाले. तुमच्यातल्या किती जणींनी, किती जणींच्या लेकी-सुनांनी तो कोर्स केला असेल! त्यात एक्सेल शिकवतात. चौकटीत बरोबरचं चिन्ह टाकून 'ह्या रकान्याची बेरीज कर' असं जिनं एकदा सांगितलं, तिनं प्रोग्रामच लिहिला. तिला तसं कुणी सांगितलं नाही, एवढंच.

आता ठोकळ्यांकडे येऊ. २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सोबत्यांनी 'स्क्रॅच' लोकांसाठी खुलं केलं. त्यांच्या गटाचं नाव मोठं गोड आहे. त्याचा अर्थ होतो 'आयुष्यभराची बालवाडी'. स्क्रॅचमध्ये सूचना टाईप करायच्या नसतात. प्रत्येक सूचनेचा एक रंगीत ठोकळा असतो. बोटानं उचलायचा, दुसऱ्याला जोडायचा, जसं मुलं खेळण्यातल्या विटा जोडतात. 'जर-तर'चा ठोकळा, 'पुन्हा कर'चा ठोकळा, 'एवढा आकडा लक्षात ठेव'चा ठोकळा. अटीच्या ठोकळ्याला षटकोनी आकार, आकड्याला गोल. चुकीच्या जागी चुकीचा ठोकळा बसतच नाही, त्यामुळे व्याकरणाच्या चुका बहुतेक टळतात.

शेतातलं उदाहरण घ्या. 'जर टाकी भरली, तर मोटर बंद कर.' हे दोन ठोकळे झाले. भोवती 'सतत बघत राहा' हा तिसरा ठोकळा लावला की काम झालं. आमच्या गटाचा ठराव घेतला तर 'जर हप्ता दहा तारखेनंतर आला, तर दंड १० रुपये.' आणि त्याच्या आत अजून एक 'जर': 'जर बाळंतपणाला तीन महिने झाले नसतील, तर दंड शून्य.' त्या ॲपमध्ये हा आतला 'जर' नव्हता. आमच्या सुनेला लाल अक्षरात दाखवलं ते त्यामुळं.

हे सगळं परदेशातच घडलं असं समजू नका. घाट उतरून खाली कोकणात गेलं की रायगड जिल्हा. तिथं कर्जत तालुक्यात खैराट नावाचं गाव आहे. २००७ साली तिथल्या एकशिक्षकी शाळेत हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ह्या जगभरच्या योजनेचा भारतातला तो पहिला प्रयोग. शाळेत मुलं बावीसच्या आसपास. ह्या लॅपटॉपवर शब्दांऐवजी चित्रं होती. मध्ये मूल, भोवती त्याची कामं, मग त्याचे मित्र, मग शेजार. आणि त्याच्याबरोबर 'टर्टल आर्ट' यायचं. ते पेपर्टचं कासवच, फक्त आता सूचनांचे ठोकळे झालेले. पुण्या-मुंबईच्या शाळांत तेव्हा मुलं ओळीनं बसून टायपिंग शिकत असताना खैराटच्या पोरांच्या हातात हे यंत्र होतं.

पण खरं ते सांगायला हवं. केंद्र सरकारनं २००६ मध्येच ही योजना नाकारली होती. खर्च मोठा, आणि त्याआधी शिक्षक आणि वर्गखोल्या हव्यात असं त्यांचं म्हणणं. ते म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मला वाटत नाही. ते लॅपटॉप काही गावोगावी पोचले नाहीत. गावोगावी पोचला तो मोबाईल.

म्हणून पुढची पायरी मोबाईलची. २०१० साली गूगलनं 'ॲप इन्व्हेंटर' आणलं. ठोकळे जोडून मोबाईलसाठी आपलं स्वतःचं ॲप करायचं साधन. आणि त्याचा वापर आपल्या महाराष्ट्रात कुणी करून दाखवला? धारावीच्या मुलींनी! नवनीत रंजन हे धारावीवर माहितीपट करायला आले होते. २०१४ पासून त्यांनी तिथं 'धारावी डायरी' ह्या नावानं मुलींना शिकवायला सुरुवात केली. मुली शाळकरी, घरं खोलीभर, इंग्रजी बेताचंच. त्यांना विचारलं, तुमच्या वस्तीत काय त्रास आहे? पहिलं उत्तर पाणी. नळावर तासन् तास रांग, भांडणं, शाळा बुडते. मग त्यांनी पाण्याच्या रांगेसाठी ॲप केलं. नंबर लावायचा, पाळी आली की मोबाईल कळवणार. दुसरं ॲप बाईच्या सुरक्षिततेचं. संकटात बटण दाबलं की भोंगा वाजतो, ओळखीच्यांना संदेश जातो, आपण कुठं आहोत ते कळतं.

हिंजवडीतल्या हुशार इंजिनियरला पाण्याच्या रांगेचं ॲप सुचलं असतं का? त्याच्या घरी नळ चोवीस तास असेल तर कसं सुचणार? हंडा घेऊन उभी राहिली तिलाच ते सुचलं. ठोकळ्यांनी तिचं काम एवढंच केलं की सुचलेलं करून बघायला तिला दुसऱ्याच्या दारात जावं लागलं नाही.

आता सावधपणाच्या दोन-तीन गोष्टी. पहिली, साधन कुणाच्या मालकीचं आहे ते बघा. गूगलनं ॲप इन्व्हेंटर २०११ च्या अखेरीस बंद केलं. २०१२ मध्ये एमआयटीनं ते आपल्याकडे घेतलं म्हणून वाचलं. आपण राबून केलेलं काम एका कंपनीच्या निर्णयानं बंद पडू शकतं. म्हणून कागदाची वही सोडू नका. दुसरी, आधार नंबर, बँकेचा नंबर, कुणाच्या आजारपणाची माहिती असल्या शिकाऊ ॲपमध्ये घालू नका. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. नियम बरा की वाईट हे यंत्राला कळत नाही. अन्यायाचा नियमही ते तितक्याच निमूटपणे पाळतं.

हा प्रश्न आता आपल्या दारात आहे. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली तेव्हा सगळा कारभार वहीचा होता. २०१५ मध्ये नाबार्डनंच 'ई-शक्ती' प्रकल्पातून गटांचे हिशेब डिजिटल करायला घेतले. पहिल्या दोन जिल्ह्यांत झारखंडचं रामगढ आणि आपलं धुळे होतं. हिशेब डिजिटल झाले की बँकेला गट लवकर कळतो, कर्ज मिळायला मदत होते, हे चांगलंच. फक्त त्यात आपले ठराव बसतात का, हे विचारणारं कुणीतरी गटात हवं.

आमच्या गटात आम्ही काय केलं ते सांगते. कॉम्प्युटर नव्हताच. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे केले. एकेका तुकड्यावर 'जर', 'तर', 'नाहीतर' लिहिलं आणि अंगणवाडीच्या फरशीवर आमचे ठराव मांडले. अक्षर न येणाऱ्या दोघींसाठी चित्रं काढली. पहिल्याच ठरावाला अडलो. तीन महिने म्हणतो, पण कधीपासून? बाळंत झाल्याच्या दिवसापासून की त्या महिन्याच्या बैठकीपासून? वहीत लिहिलंच नव्हतं. आजवर चालून गेलं, कारण माणसं समजून घेतात.

तेवढ्यात मागं बसलेली एक जण हळूच म्हणाली, "आणि बाळ राहिलं नाही तर?"

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. तिच्यावर ती वेळ येऊन गेली होती. तेव्हा तिनं दंड भरला होता आणि आम्ही तो घेतला होता. वहीत 'बाळंतीण' लिहिलं होतं आणि तिच्याजवळ दाखवायला बाळ नव्हतं. कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्या दिवशी आम्ही ठराव नव्यानं लिहिला: बाळंतपण झालं की तीन महिने सूट, बाळ असो वा नसो. तिचा जुना दंड परत केला. आणि आणखी एक ठराव लिहिला: वही आणि मोबाईल जुळले नाहीत, तर वही खरी.

नववीतल्या एका मुलीनं मग तेच तुकडे बघून मोबाईलमधल्या तक्त्यात सूत्र घातलं. ते चाललं. तिला कौतुक वाटलं, आम्हाला त्याहून जास्त. पण खरं काम आधी फरशीवरच झालं होतं.

आपण मुळशीची माणसं. १९२१ च्या एप्रिलात टाटांच्या धरणाविरुद्ध इथं सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, बायाही त्यात होत्या. पाणी कुठवर चढणार त्याची रेघ नकाशावर दुसऱ्यांनी ओढली होती आणि जमीन आपली गेली. धरण आणि मोबाईल एकाच मापानं मोजायचे नाहीत, हे मलाही कळतं. पण आपल्या जगण्याचे नियम कुठं, कोण लिहितंय हे वेळेवर विचारावं, एवढं त्या रेघेवरून शिकता येतं.

पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. आपल्या गटाचा एकच ठराव निवडा. दंडाचा घ्या, कर्जाच्या पाळीचा घ्या. त्याचे 'जर' आणि 'तर' कागदाच्या तुकड्यांवर लिहून जमिनीवर मांडा. मधोमध बसून प्रत्येकीला विचारा, "ह्यात तू कुठं अडतेस?" उत्तरं मिळाली की शाळेतल्या मुलींना बोलवा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग सांगितलंय, त्यांना त्याची ओळख होईल आणि सराव करायला तुमचा खरा प्रश्न मिळेल.

आणि पुन्हा कुणी म्हणालं, "ह्याच्यात तसंच आहे, बदलता येत नाही," तर शांतपणे विचारा, "बाई, तो नियम लिहिला कुणी? आम्हाला त्याच्याशी बोलायचंय."

येते मैत्रिणींनो. नमस्कार.